‘बाकी काही नाही ना?’ : ऐकून घेण्याच्या कौशल्याविषयी

काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मी एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी आपुलकीने विचारले, “बोला काका, काय होतंय?” वडील म्हणाले, “पोटात जळजळ होते, रात्री जास्त, आणि मग...” तेवढ्यात डॉक्टरांचा पुढचा प्रश्न आला, “तिखट खाता का? रात्री जेवता किती वाजता?” प्रश्न योग्यच होते. वडिलांनी त्यांची नेमकी उत्तरे दिली, गोळ्या लिहून झाल्या आणि चिठ्ठी हातात देताना डॉक्टर म्हणाले, “बाकी काही नाही ना?” वडील म्हणाले, “नाही, बाकी काही नाही.” खाली येऊन मी स्कूटर काढत असताना ते सहज बोलावे तसे म्हणाले, “जिना चढताना हल्ली डावा हात भरून येतो, ते सांगायचं राहिलंच बघ.” आम्ही तसेच परत वर गेलो. ‘आणि मग’च्या पुढे यायचे होते ते हेच.

त्या दिवशी मला डॉक्टरांचा राग आला होता. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की, गेले पंधरा दिवस मीही रोज संध्याकाळी वडिलांना “बरं आहे ना?” एवढेच विचारत होतो, आणि ‘ना’ने संपणाऱ्या अशा प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर सहसा येत नाही. ऐकणे ही आपोआप घडणारी गोष्ट नसून ती शिकावी लागते, हे मला तेव्हा पटले. तेव्हापासून या विषयावर जे वाचले आणि घरीदारी जे करून पाहिले, त्यातले जे उपयोगी वाटले ते येथे सोपे करून मांडत आहे.

‘सक्रिय श्रवण’ हा शब्दप्रयोग आता कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत सर्रास ऐकू येतो. तो प्रचारात आणला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड फार्सन यांनी, १९५७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तिकेतून. रॉजर्स मूळचे मानसोपचारक. समोरच्याचे म्हणणे ऐकताक्षणी ते बरोबर की चूक हे ठरवण्याची आपल्याला इतकी घाई असते की, ते त्याच्या जागेवरून कसे दिसते हे आपण पाहतच नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी वाचकांना एक प्रयोग सुचवला होता. वाद रंगात आला की थांबायचे आणि नियम करायचा : आधी बोललेल्या माणसाचे विचार आणि त्याच्या भावना त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे सांगून दाखवाव्यात, आणि मगच आपला मुद्दा मांडावा. या नियमातला ‘त्याचे समाधान होईल इतक्या’ हा भाग सर्वांत मोलाचा आहे. मी ऐकले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे माझ्याकडे राहत नाही; तो बोलणाऱ्याकडे जातो.

मराठी माणसाला हा नियम पाळणे अवघड जाते, आणि त्याचे एक कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे, असे मला वाटते. ‘तो कोणाचं ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांविषयी आपली तक्रार नसते. तो सांगितलेले मानत नाही, अशी ती तक्रार असते. ‘माझं ऐक’ ही विनंती असली तरी तिच्या पोटात आज्ञा असते. ‘चार शब्द ऐकवले’ म्हणजे खडसावले. ‘मी का ऐकून घेऊ?’ म्हणजे मी का सोसू? एकच क्रियापद समजून घेणे, आज्ञा पाळणे आणि अपमान गिळणे अशी तिन्ही ओझी वाहत असल्यामुळे ऐकणे हे लहानांनी मोठ्यांचे, सुनेने सासूचे, कारकुनाने साहेबांचे करायचे काम होऊन बसते. वडीलधाऱ्याने धाकट्याचे मुकाट ऐकले, तर त्याने माघार घेतली असा अर्थ निघेल, अशी धास्ती मनात असते. म्हणून पहिल्यांदा ही गाठ सोडवायला हवी. मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडायचे म्हणत असेल, तर त्याला नेमके काय नकोसे झाले आहे, कधीपासून आणि कशामुळे, हे बापाने त्याचे समाधान होईल इतके नीट समजून घ्यावे. आणि त्यानंतरही “मला हे पटत नाही” असे म्हणायला बाप पूर्ण मोकळा आहे. ऐकून घेतल्याने संमती दिली असे होत नाही. उलट, ऐकून घेऊन दिलेला नकार मुलाला पचवता येतो, आणि न ऐकता दिलेला होकारसुद्धा कधीकधी त्याला एकटे पाडतो.

ऐकणे कठीण का जाते, याचे दुसरे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा परस्परांपासून दूरच्या दहा भाषांमधील प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात जी फट राहते, ती सर्व भाषांचा विचार करता सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास भरली. दुसरीकडे, साध्या चित्रातल्या वस्तूचे नाव उच्चारायची तयारी करायलासुद्धा माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, हे प्रयोगशाळांतून ठाऊक आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष सरळ निघतो : समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. हा कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. गप्पांची लय तशीच चालते, आणि रोजच्या किरकोळ बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते समोरच्याला खरोखर काही सांगायचे असते तेव्हा, कारण उत्तर एकदा तयार झाले की त्याच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग केवळ कानावर पडतो, आत शिरत नाही. आणि आपल्या बोलण्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा शेवटीच येते; वडिलांच्या हाताचे दुखणे जळजळीच्या मागे उभे होते, तसे.

यावर उपाय साधा आहे, पण तो करताना जीव कासावीस होतो. समोरचा थांबला की लगेच तोंड उघडायचे नाही. एक श्वास पूर्ण घ्यायचा आणि सोडायचा. एवढ्या वेळात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर त्याचे बोलणे खरोखर संपलेले असते, आणि आपले उत्तर एका श्वासाने उशिरा आल्याने कोणाचे काही अडत नाही. किंवा तो ‘आणि मग’ म्हणून पुढे बोलू लागतो.

वेळ कोणाकडे आहे, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर वैद्यकाच्या क्षेत्रातच सापडते, कारण डॉक्टरांइतकी वेळेची टंचाई क्वचितच कोणाला असेल. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याचे बोलणे मध्येच वळवलेले आढळले. मग रुग्णाला बोलू दिले तर तो किती वेळ बोलत बसेल? स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील डॉक्टरांनी रुग्णांना न अडवता बोलू दिले आणि वेळ मोजला. ३३५ रुग्णांच्या या पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले : रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले, आणि १०० पैकी ७८ जणांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत आपणहून संपले. घरातल्या माणसाला एवढा वेळ देणे आपल्याला खचितच परवडते.

आता ‘बाकी काही नाही ना?’ या प्रश्नाकडे पुन्हा येतो. अमेरिकेतच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही डॉक्टरांना भेटीच्या सुरुवातीला “आणखी काही आहे का?” अशा अर्थाचा प्रश्न विचारायला सांगितले, पण त्यात एका शब्दाचा फरक ठेवला. काहींनी इंग्रजीतला ‘एनिथिंग’ हा शब्द वापरला, काहींनी ‘समथिंग’. इंग्रजीत पहिल्या शब्दाचा कल नकाराकडे असतो, दुसऱ्याचा होकाराकडे. ‘समथिंग’ म्हटल्यावर रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. ‘एनिथिंग’ने काही न विचारल्यापेक्षा फारसा फरक पडला नाही. आपल्या भाषेत हेच काम ‘नाही ना’ आणि ‘बरं आहे ना’ करतात. ते ऐकायला प्रेमळ वाटतात, पण दार लावून घेतात. “अजून काय सांगायचं राहिलंय?” हा प्रश्न दार उघडे ठेवतो, कारण काहीतरी राहिले असणारच, असे तो धरून चालतो. मी घरात हा एवढाच बदल केला, आणि तो मला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

ऐकणारा गप्प बसून ऐकतो, अशी एक समजूत आहे आणि ती चुकीची आहे. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्या आजीला हुंकार लागतो, हुंकार थांबला की “झोपलास का रे?” असे विचारून ती थांबते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासून पाहिली आणि निष्कर्ष २००० मध्ये मांडले. त्यांनी लोकांना स्वतःवर बेतलेला, थोडक्यात निभावलेला एखादा प्रसंग अनोळखी श्रोत्याला सांगायला लावले. काही श्रोत्यांना गुपचूप वेगळेच काम दिले होते : सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द किती आले ते मोजायचे. हे श्रोते शब्द लक्ष देऊनच ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्यांच्यासमोर सांगितलेल्या गोष्टी फिक्या पडल्या, आणि जिथे प्रसंग कळसाला पोहोचायचा तिथेच सांगणारे अडखळू लागले. या संशोधनात हुंकारांचे दोन प्रकार केले आहेत. ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’ हे कोणत्याही वाक्याला चालणारे. “अगं बाई!”, “मग काय केलंस?”, “तेही भर पावसात?” हे त्याच ठिकाणी शोभणारे. बेसावध श्रोत्यांकडून विशेषतः हा दुसरा प्रकार नाहीसा झाला होता. मोबाइलकडे पाहत पाहत ‘हं, हं, ऐकतोय मी, बोल’ म्हणणाऱ्यापाशी माणूस आपली गोष्ट आवरती का घेतो, ते यावरून कळते. त्याचा हुंकार चालू असतो, पण तो कुठेही चिकटत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. प्रशिक्षणवर्गांतून डोळ्यांत डोळे घालून ऐकण्याचा आग्रह धरला जातो, आणि संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, असेही ठासून सांगितले जाते. ७ टक्क्यांचा हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून उचललेला आहे. बोलणाऱ्याची आवडनिवड ओळखताना शब्द, स्वर आणि चेहरा यांचा परस्परांशी मेळ बसत नसेल तर आपण कशावर विसंबतो, एवढ्यापुरते ते प्रयोग होते. सगळ्या संभाषणाला तो आकडा लावणे योग्य नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीही सांगितले आहे. नजरेचे म्हणाल तर, आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून पाहणे उद्धटपणाचे मानले जाते आणि कित्येकांना रोखलेल्या नजरेसमोर बोलताच येत नाही. माझ्या पाहण्यातली मनापासूनची बोलणी मेथी निवडताना, शेंगा सोलताना किंवा शेजारी शेजारी चालताना झाली आहेत. हात कामात आणि नजर खाली असताना अवघड वाक्ये सोपी होतात.

रॉजर्स यांच्या नियमाचा गाभा असलेले ‘सांगून दाखवणे’ हे या कौशल्याचे सर्वांत कठीण अंग. फोनवर वाणसामान सांगितले की दुकानदार यादी परत म्हणून दाखवतो, “तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे अर्धा, गूळ एक”, आणि आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. वस्तूंची यादी त्याच शब्दांत परत म्हणायची असते. मनातले सांगून दाखवताना मात्र तेच शब्द परत म्हटले तर चेष्टा केल्यासारखे होते. त्याला आपण री ओढणे म्हणतो. तेथे अर्थ पोहोचला आहे हे दाखवायला स्वतःचे शब्द वापरावे लागतात, आणि शेवटी ‘असंच ना?’ऐवजी ‘असं आहे का?’ म्हणून दुरुस्तीला जागा ठेवावी लागते.

उदाहरण घेऊ. नववीतली मुलगी म्हणते, “मला उद्यापासून क्लासला जायचं नाही.” घरातून येणारी पहिली उत्तरे ठरलेली असतात. “एवढी फी भरली आहे ती काय वाया घालवायची?” हा निवाडा झाला. “का नाही जायचं?” हा प्रश्न असला तरी मुलांना तो जाब विचारल्यासारखा लागतो, कारण ‘का उशीर झाला’, ‘का सांडलंस’ हे ‘का’ त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असतात, मग ती कारण सांगण्याऐवजी सबब शोधतात. “तुला जायचं नाही तर” ही री झाली. आता आई थोडे थांबून म्हणते, “म्हणजे शिकण्याचा कंटाळा नाही, पण तिथे गेल्यावर काहीतरी होतं आणि ते नकोसं वाटतं, असं आहे का?” मुलगी म्हणते, “सर चाचणीचे मार्क सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. कमी असले की उभं करतात.” आता बोलायला खरा विषय मिळाला, आणि क्लास सोडायचा की सरांशी बोलायचे, हा निर्णय नंतर शांतपणे घेता येईल.

आपलीच गोष्ट सुरू करणे हा ऐकण्यातला आणखी एक अडथळा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ मध्ये प्रतिसादांचे दोन प्रकार दाखवून दिले होते : विषय बोलणाऱ्याकडेच ठेवणारा आणि विषय स्वतःकडे खेचणारा. दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर हे फार ठळकपणे दिसते. “पंधरा दिवस दवाखान्यात होते हो,” असे त्या घरची बाई म्हणते आणि भेटायला आलेली व्यक्ती लगेच सांगते, “आमच्या काकांचंही अगदी असंच झालं.” हेतू सांत्वनाचाच असतो. पण पुढची दहा मिनिटे काकांच्या आजारपणात जातात आणि त्या बाईच्या पंधरा दिवसांबद्दल कोणी विचारत नाही. आपला अनुभव सांगूच नये, असे मी म्हणणार नाही, कारण त्याने आधारही वाटतो; पण तो एका वाक्यात सांगावा आणि “तुम्ही रात्री तिथेच राहत होता का?” असे विचारून बोलणे तिच्याकडे परत द्यावे.

सल्ल्याच्या बाबतीतही टोकाला जाऊ नये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांचे म्हणणे समोरच्याने आपल्या शब्दांत मांडून दाखवले, त्यांना ‘आपल्याला समजून घेतले गेले’ असे अधिक वाटले. सल्ला मिळालेल्यांना किंवा नुसती मान डोलावलेली पाहिलेल्यांना तितके वाटले नाही. मात्र एकूण बोलण्याच्या समाधानाबाबत सल्ला मिळालेले लोकही नाराज नव्हते. सल्ला हवा असतो, पण तो आधी आला की माणसाला आपले सांगणे आटोपते घ्यावे लागते. “तुला माझं मत हवंय, की आधी सगळं सांगून मोकळं व्हायचंय?” असे सरळ विचारण्यात काहीच कमीपणा नाही.

हे सगळे परक्यांशी बोलताना तुलनेने लवकर जमते. अवघड जाते ते नवराबायको, भावंडे, जुने मित्र यांच्याशी. केनेथ सॅवित्स्की, निकोलस एप्ली आदी संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जोडीदाराच्या संदिग्ध वाक्यांचा अर्थ ओळखायचा होता. नवराबायकोंना तो अनोळखी माणसांपेक्षा अधिक चांगला ओळखता आला नाही. आपले म्हणणे जोडीदाराला कळलेच असणार, हा विश्वास मात्र त्यांचा जास्त होता. ‘तू काय म्हणणार ते मला माहीत आहे’ हे वाक्य जवळच्या नात्यातच उच्चारले जाते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या माणसाला ओळखण्याच्या भरात आज समोर बसलेला माणूस निसटतो.

या कौशल्याला मर्यादाही आहेत. थकून घरी आलेल्या माणसाने अर्धवट मनाने ऐकण्यापेक्षा “आत्ता डोकं जागेवर नाही, जेवण झाल्यावर बसू” असे म्हणावे आणि जेवणानंतर खरोखर बसावे. जो माणूस शिव्या देतो, धमकावतो, त्याच्या भावना त्याच्या समाधानासाठी सांगून दाखवण्याचे बंधन कोणावरही नाही. तेथे ‘ऐकून घेणे’ हा शब्द त्याच्या वाईट अर्थाने खरा होतो आणि उठून जाणेच योग्य ठरते.

सराव करताना चूक होण्याची भीती बाळगू नये, कारण सांगून दाखवलेले चुकले तरी काम होते. माझी आत्या गावी एकटी राहते. दर रविवारी मी तिला फोन करतो आणि वैशाख सरत आला की ती म्हणते, “घर शाकारायला झालंय रे.” इतकी वर्षे माझे उत्तर ठरलेले होते, “पैसे पाठवतो, पत्रेच टाकून घे एकदाचे.” त्यावर ती “बघू” म्हणायची आणि फोन ठेवायची. गेल्या वर्षी मी पैशांचे काही बोललो नाही. थोडा थांबलो आणि म्हणालो, “आत्या, पाऊस तोंडावर आला आणि एकटीने सगळं कसं करायचं, याची काळजी लागलीय का तुला?” ती लगेच म्हणाली, “छे रे, काळजी कसली! कौलं चाळायला दरवर्षी येणारा तो गडी होता ना, तो गेला या माघात. चाळीस वर्षं येत होता. चहाला गूळच लागायचा त्याला.”

मी “माघातच गेला?” एवढेच विचारले, आणि आत्या त्याच्याबद्दल सांगू लागली.